टेडिंग्टनचे धर्मगुरू आणि क्यूचा ओक

लंडनच्या पश्चिमेस थेम्स नदीच्या काठी टेडिंग्टन नावाचे गाव आहे. आज ते महानगरात विरून गेले असले, तरी अठराव्या शतकात ते शेतेबागांनी वेढलेले खेडे होते. १७०९ साली स्टीफन हेल्स नावाचे अँग्लिकन धर्मगुरू तेथे रुजू झाले आणि १७६१ मध्ये, वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी, देह ठेवीपर्यंत तेच त्यांचे गाव राहिले. त्यांनीच पुढाकार घेऊन बांधलेल्या चर्चच्या मनोऱ्याखाली त्यांचे दफन झाले. हा गृहस्थ विलक्षण मोजमाप्या होता. गावासाठी त्यांनी पाण्याची सोय केली, तेव्हा झऱ्याचे पाणी ठरावीक मापाचे भांडे लंबकाच्या किती हेलकाव्यांत भरते, हेही त्यांनी धर्मग्रामाच्या नोंदवहीत लिहून ठेवले. बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांच्या शेजारी झऱ्याचा वेग! आपल्या धर्मग्रामांच्या जुन्या नोंदवह्या चाळणाऱ्यांना त्याची गंमत वाटेल.

उन्हाळ्यात होरपळलेल्या झाडाला कसे सावरावे, या प्रश्नाचा इतिहास मी हेल्स यांच्यापासून सुरू करतो, याला कारण आहे. उन्हात झाड किती पाणी गमावते, हे तोपर्यंत कोणी नीट मोजलेच नव्हते. १७२४ च्या जुलैमध्ये त्यांनी साडेतीन फूट उंचीचे सूर्यफूल एका कुंडीत घेतले, मातीतून वाफ उडू नये म्हणून कुंडीचे तोंड शिशाच्या पातळ पत्र्याने बंद केले, आणि ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत पंधरा दिवस सकाळ-संध्याकाळ ती कुंडी तराजूत घातली. दिवसाच्या बारा तासांत ते झाड सरासरी सव्वा पौंड, म्हणजे सुमारे ५६५ ग्रॅम पाणी हवेत सोडत होते; अतिशय उष्ण व कोरड्या दिवशी हा आकडा ८५० ग्रॅमवर गेला. समान आकारमानाचा हिशेब करून त्यांनी असा निष्कर्ष काढला की, सूर्यफूल माणसाच्या सतरापट घाम गाळते. हे सारे १७२७ मध्ये त्यांच्या ग्रंथात प्रसिद्ध झाले. झाड हे स्थिर उभे असलेले निवांत जीवन नव्हे, तर अहोरात्र पाणी उपसणारा रहाट आहे, ही गोष्ट तराजूने सिद्ध झाली.

हा रहाट कसा चालतो, याचे उत्तर मिळायला आणखी दीडशेहून अधिक वर्षे लागली. १८९४ मध्ये डब्लिनच्या डिक्सन आणि जोली या दोघांनी मांडले की, पाणी खालून ढकलले जात नाही, ते वरून ओढले जाते. पानांतून वाफ उडते आणि खोडातील सूक्ष्म जलवाहिन्यांमधला पाण्याचा अखंड धागा मुळांपासून वर खेचला जातो. माती कोरडी आणि ऊन प्रखर असेल, तर हा धागा ताणाने तुटतो व वाहिनीत हवा शिरते. १९६६ मध्ये मिलबर्न आणि जॉन्सन यांनी हे तुटणे चक्क ऐकले. त्यांचे झाड होते आपल्या परसातला एरंड. सुकू लागलेल्या एरंडाच्या पानाला त्यांनी ध्वनी टिपणारे नाजूक उपकरण जोडले, आणि टिकटिक ऐकू आली. प्रत्येक टिक म्हणजे एका वाहिनीतील धागा तुटल्याची खूण.

या टिकटिकीत आपल्या विषयाचे मर्म आहे. संध्याकाळी बादलीभर पाणी घातले आणि पाने पुन्हा ताठ झाली, म्हणजे झाड सावरले असे आपण समजतो. परंतु मोठ्या वृक्षाच्या तुटलेल्या सर्व वाहिन्या पुन्हा भरतातच असे नाही. पुष्कळदा नवे लाकूड तयार करूनच त्याला ती उणीव भरून काढावी लागते. त्यासाठी लागणारे अन्न साठ्यातून येते, आणि उन्हाच्या दिवसांत पर्णरंध्रे मिटून बसल्यामुळे तो साठाच आटलेला असतो. म्हणून मोठ्या झाडाचे दुखणे वर्षानुवर्षे चालते.

याचा पुरावा १९७६ च्या उन्हाळ्याने दिला. त्या वर्षी २३ जून ते ७ जुलै असे सलग पंधरा दिवस इंग्लंडात कोठे ना कोठे पारा ३२ अंश सेल्सिअसला पोहोचत होता. आपल्याला ३२ अंशांचे हसू येईल. पण झाड आपल्या जन्मभूमीच्या हवेला सरावलेले असते आणि त्या भूमीत आधीच कित्येक महिने पाऊस अपुरा झाला होता. ऑगस्टच्या अखेरीस सरकारने डेनिस हॉवेल यांच्यावर दुष्काळमंत्र्याची जबाबदारी सोपवली, आणि काही दिवसांतच पाऊस कोसळू लागला. मंत्रिमहोदयांची पुष्कळ थट्टा झाली. करपलेली हिरवळ पुन्हा उगवली आणि संकट टळले असे लोकांना वाटले.

वाय नदीच्या खोऱ्यात, इंग्लंड आणि वेल्सच्या सीमेवर, लेडी पार्क नावाचे छोटे अरण्य आहे. १९४० च्या दशकापासून तेथे मुद्दाम कुऱ्हाड लावलेली नाही आणि झाडांची एकेक करून नोंद ठेवली जाते. त्या नोंदींनी वेगळीच कहाणी सांगितली. १९७६ मध्ये झळ बसलेले बीचचे वृक्ष त्याच वर्षी सगळे मेले नाहीत. कोणाचा शेंडा वाळला, कोणाची वाढ खुंटली, आणि पुढे सुमारे पंधरा वर्षे एकामागून एक ते जात राहिले. दहाव्या वर्षी वठलेल्या वृक्षाकडे पाहून त्या जुन्या उन्हाळ्याची आठवण कोणाला होणार? नोंदवही नसती, तर दोष वाळवीवर किंवा बुरशीवर गेला असता.

आता पुन्हा थेम्सकाठी येऊ. टेडिंग्टनपासून नदीच्या प्रवाहाबरोबर खाली गेले की, क्यू येथील प्रसिद्ध वनस्पती-उद्यान लागते. राजपुत्राची विधवा ऑगस्टा हिने १७५९ मध्ये त्याचा पाया घातला. आणि वृद्ध हेल्स हे तिच्या पदरी असलेले धर्मगुरू, तिच्या उद्यानाचेही सल्लागार. याच उद्यानात १७९८ साली लावलेला एक संकरित ओक वृक्ष आहे. एसेक्समधील रोपवाटिकेचे मालक स्पेन्सर टर्नर यांच्या नावाने तो ओळखला जातो. १९८० च्या दशकात हा वृक्ष खंगू लागला होता. पालवी विरळ, डहाळ्या वाळलेल्या. माळ्यांनी जवळजवळ आशा सोडली होती.

१५ ऑक्टोबर १९८७ च्या रात्री इंग्लंडच्या दक्षिण भागावर प्रचंड वादळ आले. पहाट झाली तेव्हा क्यूमधील सुमारे सातशे वृक्ष आडवे झाले होते. टर्नरच्या ओकला वाऱ्याने मुळांच्या पसाऱ्यासकट वर उचलले आणि पुन्हा त्याच जागी आदळले. इतकी कामे पडली होती की, या म्हाताऱ्याला टेकू देऊन तसाच सोडण्यात आले. त्याची पाळी शेवटी येणार होती. ती आली तीन वर्षांनी. पाहतात तो, वृक्षाला जोमदार पालवी फुटलेली! पुढे क्यूच्या वृक्षसंग्रहाचे प्रमुख झालेले टोनी कर्कहॅम यांनी या कोड्याचा उलगडा केला. त्या डेरेदार सावलीत दोनशे वर्षे लोक येऊन उभे राहिले होते. लाखो पावलांनी माती चोपून दगडासारखी झाली होती. पावसाचे पाणी मुरत नव्हते, मुळांना हवा मिळत नव्हती. वादळाने एका झटक्यात माती मोकळी केली.

आपल्या शेतकऱ्याला यासाठी ग्रंथ नको. ‘वाफसा’ हा एकच शब्द त्याला पुरे आहे. मातीच्या कणांभोवती ओल आणि कणांच्या मध्ये हवा, अशी ती अवस्था. क्यूमधील माळ्यांनी वादळानंतर जे केले, ते वाफसा परत आणण्याचेच काम होते. जुन्या वृक्षांखाली नळी खुपसून दाबाने वायू सोडायचा, घट्ट थर फोडायचा, झाडाभोवतीचे गवत काढायचे आणि तेथे कुजलेल्या काडीकचऱ्याचे आच्छादन पसरायचे. पूर्वी निरुपयोगी वाटणारा पालापाचोळा औषध ठरला.

होरपळलेल्या झाडाची शुश्रूषा आज याच धोरणाने होते. पाणी बुंध्यावर ओतायचे नाही, फांद्यांच्या कडेखाली, जिथे बारीक मुळे असतात तिथे, हळूहळू मुरवायचे. आणि वाफसा आल्याशिवाय पुन्हा द्यायचे नाही. आच्छादन दोन-तीन इंच जाड, पण बुंध्यापासून वीतभर दूर. रासायनिक खताचा मोह टाळायचा, कारण खताने पाने वाढतात आणि तेवढ्या पानांना पाजायला तुटक्या वाहिन्या असमर्थ असतात. जिवंत फांद्या छाटायच्या नाहीत, अन्न तयार करणारी तीच एक चूल उरलेली असते. करपलेली डहाळी मेली असे ठरवण्यापूर्वी नखाने साल खरवडून पाहावी. आत हिरवे दिसले तर पुढच्या पालवीपर्यंत थांबावे. या सगळ्यात थांबणे हेच माणसाला कठीण जाते, असे मला वाटते.

एक गोष्ट येथे सांगितल्यावाचून राहवत नाही. सणाच्या अगोदर चर्चचे आवार नीटनेटके करताना आपण जुन्या आंब्याच्या वा चिंचेच्या बुंध्यापर्यंत काँक्रीट किंवा पेव्हर ब्लॉक नेऊन भिडवतो. वाळलेली पाने झाडून जाळतो. वर बुंध्याला गेरू-चुना लावतो आणि झाडाची सेवा केल्याचे समाधान मानतो. क्यूच्या ओकला जो त्रास दोनशे वर्षांत झाला, तो आपण एका आठवड्यात घडवून आणतो. आणि तो उपसायला वादळ येईलच असे नाही.

काळजी घेऊनही सर्व वाचते असे मात्र नव्हे. १९ जुलै २०२२ रोजी क्यू उद्यानातच ४०.१ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले. ऑगस्टमध्येच इंग्लंडातील अनेक झाडांनी शरद ऋतू आल्यासारखी पाने गाळली. त्या दुष्काळाने क्यूने चारशेहून अधिक झाडे गमावली. २०२५ मध्ये उद्यानाने प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार तेथील ११,००० झाडांपैकी निम्म्याहून अधिक झाडांना २०९० पर्यंत तेथील हवामान सोसवेनासे होण्याची भीती आहे. त्यामुळे स्पेन-पोर्तुगालकडील अल्डर, मेक्सिकोकडील पाइन अशा उन्हाला सरावलेल्या प्रदेशांतील वृक्षांचा विचार आता तेथे सुरू आहे. टर्नरच्या ओकचा एक जनकही भूमध्य समुद्राकाठचा, कोरडा उन्हाळा सोसणारा होता.

राहिलेल्या झाडांचे काय झाले, हे अजून सांगता यायचे नाही. लेडी पार्कचा हिशेब लावला, तर २०२२ च्या उन्हाची नोंदवही २०३७ पर्यंत उघडीच ठेवावी लागेल.