कॅरिबियनचा प्लॅन आणि मालवणचे खडक

ऑनसाइट असलेल्या मंडळींत लाँग वीकेंड जवळ आला की एक प्लॅन हमखास निघतो. कॅरिबियनमधलं एखादं बेट गाठायचं, तोंडावर मास्क लावायचा, तोंडात नळी धरायची आणि निळ्याशार पाण्यात पालथं पडून मासे बघायचे. थोडक्यात, स्नॉर्कलिंग. मग एक्सेल शीट उघडते, कोण किती देणार याचा हिशोब सुरू होतो, आणि पुण्यात बसलेले आपण फोटोंची वाट बघतो.

तर आज याच प्लॅनबद्दल. पण नेहमीप्रमाणे इतिहासाच्या बोळातून.

मी मूळचा इस्लापूरचा. तालुका किनवट, जिल्हा नांदेड. आमच्याकडे 'पाणी बघायला जाऊ' म्हणजे पैनगंगेवरचा सहस्रकुंड धबधबा. तेही पावसाळ्यात, कारण उन्हाळ्यात तिथे दगडच बघायचे. आणि पैनगंगेचं पाणी वर्धा, प्राणहिता, गोदावरी असं करत थेट बंगालच्या उपसागराला जातं. म्हणजे अरबी समुद्राशी आमचा नदीमार्गेही संबंध नाही!

कागदोपत्री मात्र आहे. १९५६ चा राज्य पुनर्रचना कायदा उघडून बघा. मुंबई राज्यात काय काय सामील होणार याच्या यादीत आदिलाबाद जिल्ह्यातल्या बोथ तालुक्याचं 'इस्लापूर सर्कल' असा स्पष्ट उल्लेख आहे. त्याआधी आम्ही हैदराबाद राज्यात, आणि त्या राज्याला समुद्रकिनाराच नव्हता. १ नोव्हेंबर १९५६ ला गाव जागेवरच राहिलं आणि कोकणची किनारपट्टी एका रात्रीत 'आपल्या राज्याची' झाली. तेव्हापासून समुद्र आपलाच म्हणायचा. पण समुद्र खरंच कोणाचा, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. म्हणूनच कॅरिबियनच्या आधी मालवण.

मालवणला स्नॉर्कलिंग होतं ते तिथल्या पाण्याखालच्या खडकांमुळे. प्रवाळ म्हणजे कोरल हा प्राणी आहे, बरं का. त्याला बसायला टणक जागा लागते आणि पोटातल्या शेवाळासाठी सूर्यप्रकाश लागतो. कोकणातल्या नद्या पावसाळ्यात भरपूर गाळ आणतात, तळ बराचसा वाळूचा आणि चिखलाचा. अशा किनाऱ्यावर जिथे उथळ पाण्यात खडक आहेत, तिथे प्रवाळ टिकून राहतं. त्याच्या आडोशाला मासे येतात, आणि माशांमागे आपण.

याच खडकांचा दुसरा उपयोग साडेतीनशे वर्षांपूर्वी शिवाजी महाराजांनी ओळखला होता. मालवणसमोरच्या कुरटे बेटावर २५ नोव्हेंबर १६६४ ला सिंधुदुर्गाच्या कामाचा मुहूर्त झाला. भूमिपूजनाची म्हणून दाखवली जाणारी किनाऱ्यावरची जागा, 'मोरयाचा धोंडा', आजही आहे. १६६७ पर्यंत किल्ला उभा राहिला. तट सुमारे तीन किलोमीटर लांब, आत गोड्या पाण्याच्या विहिरी: दूधबाव, दहीबाव, साखरबाव. पण खरा तट पाण्याखाली होता. बेटाभोवती बुडालेल्या खडकांचं असं जाळं आहे की वाट ठाऊक नसलेलं जहाज फुटलंच म्हणून समजा. आजच्या भाषेत सांगायचं तर निसर्गानेच दिलेली फायरवॉल! आणि तिचा पासवर्ड होता स्थानिक कोळी-गाबितांकडे. कुठून होडी घालायची आणि ओहोटीला कुठे अडकायला होतं हे त्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं.

अर्थात किल्ला अजिंक्य राहिला असं नाही. १७६५ मध्ये इंग्रजांनी तो घेतला आणि त्याला 'फोर्ट ऑगस्टस' असं नाव दिलं. पुढच्याच वर्षी तो कोल्हापूरकरांना परत मिळाला, आणि १८१२ च्या तहाने कायमचा इंग्रजांकडे गेला. राज्यं बदलली, खडक आणि त्यांच्यावर पोट असलेली माणसं तिथेच राहिली.

मग आलं १९८७. सरकारने सिंधुदुर्ग, पद्मगड आणि आजूबाजूचा मिळून सुमारे २९ चौरस किलोमीटरचा भाग 'मालवण सागरी अभयारण्य' म्हणून जाहीर केला. हेतू चांगला. पण मच्छीमारांच्या बाजूने विचार करा. ज्या पाण्यात आजोबांनी जाळं टाकलं ते पाणी कागदावर अभयारण्य झालं. उद्या मासेमारीच बंद केली तर खायचं काय? विरोध झाला, आणि अनेक वर्षं अभयारण्य बरंचसं कागदावरच राहिलं. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत चित्र बदललं ते स्नॉर्कलिंग आणि स्कूबामुळे. गावातल्याच पोरांना प्रशिक्षण मिळालं, होड्या पर्यटकांना नेऊ लागल्या. जिवंत प्रवाळाची पहिल्यांदाच रोख किंमत मिळू लागली.

आता वळूया कॅरिबियनकडे. 'तिकडे कसं सगळं व्यवस्थित असतं' हे वाक्य आपण फार लवकर बोलतो. सेंट जॉन हे बेट घ्या. आधी डेन्मार्कची वसाहत. उसाचे मळे, गुलाम, आणि १७३३ चं गुलामांचं मोठं बंड. १८४८ मध्ये गुलामगिरी संपली आणि मोकळे झालेले लोक छोटी शेती आणि मासेमारी करून राहू लागले. १९१७ मध्ये अमेरिकेने ही बेटं अडीच कोटी डॉलरना विकत घेतली. १९५६ मध्ये (हो, आमचं इस्लापूर मुंबई राज्यात आलं त्याच वर्षी) लॉरन्स रॉकफेलर यांनी दिलेल्या पाच हजारांहून अधिक एकर जमिनीवर तिथे राष्ट्रीय उद्यान झालं. १९६२ मध्ये त्याची हद्द समुद्रात वाढवली गेली. त्या वेळी लोकांच्या जमिनी सक्तीने घेता येतील असं कलमही विधेयकात होतं. बेटावरचे लोक चिडले, आणि ते कलम काढावं लागलं.

म्हणजे गोष्ट तीच! पाण्याखालची संपत्ती सगळ्या जगाची म्हणायची, आणि तिच्या रक्षणाचं बिल मात्र काठावर राहणाऱ्याच्या नावाने फाडायचं. सेंट जॉनच्या ट्रंक बे किनाऱ्यावर आज पाण्याखाली पाट्या लावलेली पायवाट आहे. पोहत जायचं आणि कोणतं प्रवाळ, कोणता मासा ते वाचायचं. कल्पना झकास. पण पाट्या लावून प्रवाळ वाचत नाही. १९७० च्या दशकाच्या शेवटी आलेल्या रोगाने कॅरिबियनमधलं फांद्यांचं प्रवाळ प्रचंड प्रमाणात मेलं, १९८३-८४ मध्ये शेवाळ खाणारे काळे सागरी साळिंदर मेले, आणि २०२३ च्या उन्हाळ्यात पाणी इतकं तापलं की उरलेलंही पांढरं पडलं. पांढरं पडणं म्हणजे पोटातलं शेवाळ बाहेर टाकून प्रवाळ उपाशी राहणं. मालवणच्या प्रवाळातही असं पांढरं पडल्याच्या नोंदी आहेत.

तापमान तुमच्या-माझ्या हातात नाही. पण मालवणला प्रवाळाचं नुकसान करणाऱ्या काही गोष्टी अगदी आपल्या हातातल्या आहेत. खडकावर टाकलेला नांगर, दमल्यावर 'जरा टेकू' म्हणून प्रवाळावर ठेवलेला पाय, आणि फोटोत मासे यावेत म्हणून पाण्यात चुरलेला पाव.

म्हणून प्लॅन करताना एवढं बघा:

दिवाळीनंतर ते मार्चपर्यंत जा. पावसाळ्यात होड्या बंद असतात. (तेव्हा आमच्या सहस्रकुंडाला या, तो त्याचाच सीझन.) रेल्वेने कुडाळ किंवा कणकवली, पुढे एसटी. होडी ठरवताना पैशांआधी विचारा, की नांगर कुठे टाकणार? बांधून ठेवलेल्या बोयाला होडी लावणारा किंवा वाळूत नांगर टाकणारा नावाडी शंभर-दोनशे जास्त मागत असेल तर ते द्या. पोहता येत असलं तरी लाइफ जॅकेट घाला, म्हणजे टेकायची वेळच येणार नाही. सनस्क्रीनऐवजी पूर्ण बाह्यांचा टीशर्ट चालतो. अमेरिकन व्हर्जिन आयलंड्सनी तर प्रवाळाला घातक सनस्क्रीनवर २०२० पासून बंदीच घातली आहे. प्रवाळाचा तुकडा घरी आणू नका, २००१ पासून ते वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहे. आणि पाव आणलाच असेल तर होडीत बसून चहाबरोबर खा.

कॅरिबियनलाही जरूर जा. सेंट जॉनला अमेरिकेचा व्हिसा लागतो आणि तो तुमच्यापैकी अनेकांकडे आहेच. फक्त तिथेही होडीवाल्याला त्याच्या गावाबद्दल विचारा. पाण्याखालची वाट ज्याला ठाऊक असते, त्याला काठावरचा इतिहासही बहुधा ठाऊक असतो.