नावापुरते लोखंड

‘आयर्नस्टोन चायना’चे भाषांतर करताना पंचाईत होते. यात लोखंड नावापुरतेच, आणि माल इंग्लंडचा. अर्थात ‘चिनी माती’ म्हणताना आपल्यालाही चीन कुठे आठवतो? स्टॅफर्डशरच्या चार्ल्स मेसनने १८१३ साली पेटंट घेतले, त्यात लोखंडाच्या मळीचा उल्लेख केला. तो बहुधा प्रतिस्पर्ध्यांना चकवण्यासाठीच असावा. पण नावातच मजबुतीची हमी होती, आणि गिऱ्हाईक तेच विकत घेत होते.

शतकाच्या मध्यानंतर ही जाड, पांढरी भांडी जहाजांतून अमेरिकेतल्या शेतकरी घरांत पोचू लागली. किंमत बेताची, रूपही बेताचेच. मग बर्स्लेमच्या अँथनी शॉसारख्यांनी त्यांवर तांबूस चकाकीची एक छोटी पानांची डहाळी काढली, काठाला तशीच एक रेघ. पुढे टन्स्टॉलच्या आल्फ्रेड मीकिनच्या कारखान्याने ‘टी लीफ’ नावाने ओळखली जाणारी ही नक्षी भरपूर खपवली.

ही चकाकी झिलईवर चढवून, कमी आचेवर पुन्हा भाजलेली. त्यामुळे घासता घासता बशी शाबूत राहते आणि पान आधी जाते. संग्राहकांच्या कपाटात लखलखणारे ताट बहुधा तेव्हाही कपाटातच होते. रोज जेवायला घेतलेल्या ताटांवर एक तपकिरी पुसट खूण उरली आहे.