‘हॅपी बर्थडे जोशी’ : खऱ्या व्हायरसचा आणि खोट्या इशाऱ्यांचा इतिहास

थ्रेड. विषय थोडा विचित्र आहे : संगणकाच्या व्हायरसविषयीचे खोटे इशारे, त्यांची विडंबने आणि त्यात सापडलेले पियानो जुळवणारे. परंतु आरंभ आपल्या ओळखीच्या एका आडनावापासून करू.

जून १९९०. भारतात एक नवा व्हायरस वेगळा काढण्यात आला. फ्लॉपीवरून फ्लॉपीवर जाणारा हा व्हायरस वर्षभर गुपचूप बसे आणि ५ जानेवारीला यंत्र अडवून धरी. पडद्यावर आज्ञा उमटे : ‘हॅपी बर्थडे जोशी’ असे टंका. ते टंकल्याशिवाय यंत्र पुढे सरकत नसे. टंकले की काम पूर्ववत सुरू! विदा पुसणे नाही, खंडणी नाही. वर्षातून एकदा वाढदिवसाच्या शुभेच्छा, एवढीच मागणी.

जगभरच्या व्हायरस-नोंदींत याचे नाव ‘जोशी’ असेच आहे. (आडनाव आपल्या कानाला घरचे वाटते खरे, तथापि जोशी गुजरातेत आणि कुमाऊंतही आहेत, उगाच मालकी सांगू नये.) गंमत बाजूला ठेवली तर रचना मोठी चतुर होती. संगणक सुरू होताना चकतीचा जो पहिला भाग वाचला जातो, तिथेच हा बसे. कुणी तो भाग तपासू लागला तर व्हायरस त्याला मूळची निर्दोष प्रत दाखवी. तीन कळा दाबून यंत्र पुन्हा सुरू केले तरी तो स्मृतीतून जात नसे. वीज पूर्ण बंद करून स्वच्छ फ्लॉपीवरूनच यंत्र उठवावे लागे.

आता अशी कल्पना करा, की त्या काळी कुणी तुम्हांस सांगितले असते : ‘५ जानेवारीला तुमचा संगणक एका जोशींच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा मागेल.’ तुम्ही हसला असता. खरा व्हायरस थट्टेसारखा दिसत होता आणि त्याच सुमारास थट्टा खऱ्या इशाऱ्यासारखी फिरू लागली होती. या इतिहासाची खरी गुंतागुंत इथे आहे.

ऑक्टोबर १९८८ मध्ये ‘माइक रोचेनल’ नावाने एक इशारा पसरला : २४०० वेगाच्या मोडेममधून व्हायरस शिरतो, सबब जुना १२०० चाच वापरा. नाव मोठ्याने उच्चारून पाहा. आयबीएमच्या तेव्हाच्या नव्या ‘मायक्रोचॅनल’ रचनेवरची ती कोटी होती. लगोलग त्याचे विडंबनही आले. त्यातला व्हायरस विजेच्या तारेतून, ६० हर्ट्झच्या लहरीवर स्वार होऊन येई, म्हणून वीजच वापरू नका असा सल्ला होता. (आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची. महाराष्ट्र बचावला!)

पुढे १९९० च्या दशकात अशा काल्पनिक व्हायरसांच्या याद्याच निघाल्या. अमुक दूरध्वनी कंपनीचा व्हायरस दर तीन मिनिटांनी स्वतःच्या सेवेचे गोडवे गातो, अशा धर्तीच्या. मग प्रत्येक व्यवसायाने आपापली यादी केली आणि पियानो जुळवणारेही मागे राहिले नाहीत. हे तितकेसे नवल नाही. कानाने चालणाऱ्या या धंद्यात त्याच दशकात सूर मोजणारी सॉफ्टवेअरे शिरली होती आणि कान की यंत्र, हा वाद गरम होता.

त्यांच्या विनोदाची जात कळण्यासाठी थोडे गणित हवे. १२ शुद्ध पंचम एकावर एक रचले, तर ७ सप्तकांचे माप साधत नाही; सुमारे पाव अर्धस्वर शिल्लक उरतो. म्हणून पियानो जुळवणारा प्रत्येक पंचम किंचित उणा लावतो. तेव्हा ‘हा व्हायरस तुमचे सगळे पंचम शुद्ध करून टाकतो’ असा इशारा आपल्याला आशीर्वाद वाटेल. पियानोवाल्याला मात्र घाम फुटेल.

आपल्या पेटीवाल्यांनी अशी यादी केली असती तर? मी दोन नावे सुचवतो. ‘आकाशवाणी व्हायरस’ : १९४० साली लागण झाली की तीन दशके रेडिओवर पेटी वाजत नाही. ‘देवल व्हायरस’ : पेटी उघडावी १२ सुरांची, तर आत २२ श्रुती! (सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी क्लेमेंट्स या इंग्रज अधिकाऱ्यासह खरोखरच श्रुतींची पेटी घडवून घेतली होती. त्यांच्यावर स्वतंत्र थ्रेड व्हायला हवा.)

हसण्याचा भाग येथवर. १९९४ च्या अखेरीस ‘गुड टाइम्स’ हा इशारा आला : या नावाचे ईमेल नुसते वाचले तरी हार्ड डिस्क पुसली जाते, सर्वांना कळवा. तेव्हाच्या साध्या मजकुरी ईमेलने असे होणे शक्यच नव्हते. परंतु ‘सर्वांना कळवा’ ही आज्ञा लोकांनी पाळली. म्हणजे व्हायरस नव्हता. इशाराच व्हायरस होता आणि त्याचे वाहन माणूस. २००२ मध्ये तर कमाल झाली. अस्वलाचे चित्र असलेली विंडोजची एक निर्दोष फाइल ‘व्हायरस’ ठरली आणि इशारा वाचून लोकांनी ती स्वहस्ते पुसली.

हे तंत्र आपल्याला नवे होते काय? मुळीच नाही. १९९० साली गोंदिया जिल्हा अस्तित्वात नव्हता, दवनीवाडा भंडारा जिल्ह्यात मोडत असे. आणि अशा गावांत संगणक नसला तरी पोस्टमन होता. १९७५ च्या चित्रपटानंतर संतोषी मातेच्या नावाने पोस्टकार्डे फिरू लागली : इतक्या प्रती लिहून पाठवा, लाभ होईल, कार्ड फाडाल तर नुकसान. आमिष, धाक आणि ‘पुढे पाठवा’. ‘गुड टाइम्स’मध्ये यातला धाकच तेवढा तांत्रिक झाला. फरक वेगाचा होता. पोस्टकार्ड हाताने लिहावे लागे, पैसे पडत, आणि तेवढ्या वेळात कित्येकांना कंटाळा येई. कंटाळा हे त्या काळचे उत्तम अँटिव्हायरस होते!

फॉरवर्डच्या बटणाने तो कंटाळा संपवला. १ जुलै २०१८. धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यातले राईनपाडा. आठवडी बाजाराचा दिवस. मुले पळवणारी टोळी फिरत असल्याचे संदेश व्हॉट्सॲपवर आधीपासून फिरत होते. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, सोलापूर जिल्ह्यातून भिक्षेसाठी आलेले पाच जण तिथे पोहोचले आणि जमावाने त्या पाचांनाही ठार मारले. ग्रामपंचायतीच्या खोलीत.

त्या संदेशाचीही घडण तीच होती : अज्ञात लेखक, तातडीचा सूर, सर्वांना कळवा. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतापुरती मर्यादा घातली. एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल.