कायद्याच्या यादीतून सुटलेलं बटण

मागच्या आठवड्यात शर्टाचं बटण शिवत बसलो होतो. एवढ्याशा वस्तूवर कोणी कधी बंदी घातली असेल का, असं सहज मनात आलं. शोधलं, तर खरंच घातली होती!

साल १३६३, देश इंग्लंड. तिसऱ्या एडवर्डच्या संसदेनं कोणी काय ल्यावं याचा कायदा केला. कारागिरांनी आणि साध्या शेतकऱ्यांनी रत्नं वापरायची नाहीत, सोन्याचांदीच्या वस्तू वापरायच्या नाहीत. त्या वस्तूंच्या यादीत अंगठी, साखळी आणि चक्क बटण! कारण काय? १३४८च्या प्लेगनं अतोनात माणसं नेली होती. मजूर कमी झाले, मजुरी वाढली, गरिबाच्या हातात चार पैसे खुळखुळू लागले. तो नटायला लागला आणि वरच्यांना ते खुपलं.

आता गंमत बघा. यादीत सोनं आहे, चांदी आहे, रत्नं आहेत. कथील नाही आणि काचही नाही.

कथील म्हणजे आपल्या कल्हईवाल्याचंच. ते २३२ अंशांना वितळतं, थोडं शिसं घातलं की त्याहून लवकर. कोळशाच्या शेगडीवर काम होतं. मऊ दगडाच्या दोन तुकड्यांत बटणाचा आकार उलटा कोरायचा, काचमणी आत ठेवायचा आणि रस ओतायचा. साचा मात्र आधी तापवून घ्यायचा. दगडात ओल राहिली तर वाफ होऊन रस अंगावर उडतो, आणि गार मण्यावर कढत रस पडला की मणी तडकतो. काच वितळायला याहून खूप जास्त उष्णता लागते, म्हणून मणी शाबूत राहतो. रस थिजताना आकसतो आणि मण्याला घट्ट धरून बसतो. दुसरी रीत सोपी: वाटीसारखं बटण ओतायचं, मणी ठेवायचा आणि कड आत दाबायची.

तो कायदा काही टिकला नाही; पुढच्याच संसदेनं मागे घेतला. थेम्सकाठच्या चिखलातून मात्र त्या काळची कथील-शिशाची ओतीव बटणं आजही निघतात. आपण अशा वस्तूंना सहज ‘खोटं’ म्हणतो. मला त्यात खोटं काही दिसत नाही. ‘आम्हीही नटणार’ हे त्या माणसांनी दिलेलं उत्तर दिसतं.

भेटू पुढच्या भागात!