स्वमग्न : एका शब्दाचा आणि काही आईबापांचा इतिहास

निलंगा हे गाव कागदोपत्री तीन जिल्ह्यांत राहून आले आहे. १९५६ पर्यंत ते हैदराबाद राज्याच्या बीदर जिल्ह्यात होते. राज्य पुनर्रचनेत ते उस्मानाबादकडे आले आणि १६ ऑगस्ट १९८२ रोजी लातूर जिल्हा झाला तेव्हा त्यात गेले. गाव जागचे हलले नाही, नीलकंठेश्वराचे देऊळही हलले नाही. बदलले ते जिल्ह्याचे नाव आणि अर्ज घेऊन जाण्याची कचेरी. आज ज्या मुलाला आपण 'स्वमग्न' म्हणतो त्याचाही इतिहास काहीसा असाच आहे. मूल तेच राहिले, नाव बदलत गेले, आणि प्रत्येक नावाबरोबर आईबापांनी ठोठवायचे दारही बदलले.

'आत्ममग्न' हे विशेषण आपण कवीला लावतो. कधी गौरवाने, कधी तक्रारीच्या सुरात. 'स्वमग्न' हा त्याचा सख्खा भाऊ, आणि घोटाळा येथेच आहे. 'ऑटिझम' हा शब्द 'स्वतः' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर याने घडवला. स्किझोफ्रेनियावरील १९११ च्या ग्रंथात तो बाह्य जगापासून आत वळण्याच्या लक्षणासाठी आला आहे. म्हणजे मुलांपर्यंत पोचण्याआधीच या शब्दात 'जगाकडे पाठ फिरवणे' हा अर्थ मुरलेला होता. मग्न होण्यात थोडी इच्छा आणि थोडे सुख गृहीत असते. पण ज्या मुलाला मिक्सरचा किंवा लग्नातल्या बँडचा आवाज सोसत नाही, त्याच्यावर जग उलट फार जोराने आदळत असते.

मॉस्कोत काम करणाऱ्या ग्रून्या सुखारेवा यांनी १९२५ मध्येच अशा सहा मुलग्यांची वर्णने प्रसिद्ध केली होती; ती दीर्घकाळ दुर्लक्षित राहिली. गाजला तो अमेरिकेतील लिओ कॅनर यांचा, अकरा मुलांवरील १९४३ चा निबंध. त्यातील पहिल्या मुलाची हकिगत बऱ्याच अंशी त्याच्या वडिलांनी लिहून पाठवलेल्या ३३ टंकलिखित पानांवर आधारलेली आहे. ही गोष्ट वाङ्मयाच्या विद्यार्थ्याने विसरू नये. या निदानाच्या मुळाशी एका बापाचे पत्र आहे.

ज्या आईबापांच्या निरीक्षणावर शास्त्र उभे राहिले, त्यांनाच पुढे त्याने आरोपी केले. आईची माया आटली म्हणून मूल मिटले, हे मत रूढ झाले आणि ब्रुनो बेटेलहाइम यांच्या १९६७ च्या पुस्तकाने ते लोकप्रिय केले. आपल्याकडे या मताला भाषांतराचीही गरज नव्हती. आईच्या पोटाला, पायगुणाला किंवा मागल्या जन्माला दोष देण्याची रीत मराठवाड्यातल्या घरांना नवी नाही.

उत्तर आले ते पालकांकडूनच. स्वतः अशा मुलाचे वडील असलेले मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड रिमलँड यांनी १९६४ मध्ये जैविक कारणांची बाजू मांडली. १९७७ मध्ये सुझन फोल्स्टाइन आणि मायकेल रटर यांच्या जुळ्यांवरील अभ्यासाने आनुवंशिकतेचा पुरावा दिला. लोर्ना विंग या मनोविकारतज्ज्ञ आणि अशा मुलीच्या आई; त्यांनी १९७९ मध्ये ज्युडिथ गुल्ड यांच्यासह या अवस्थेची व्याप्ती किती मोठी आहे ते दाखवले. भारतात मेरी बरुआ या आईने १९९१ मध्ये दिल्लीत 'ॲक्शन फॉर ऑटिझम'चे काम सुरू केले.

कायदा मात्र मागून आला. १९९५ च्या अपंगविषयक कायद्यात सात प्रकार होते. त्यांत ऑटिझम नव्हता. निलंग्यातल्या अशा मुलासाठी सरकारी कागदावर नेमका शब्दच नव्हता, आणि ज्याला शब्द नाही त्याची मोजदादही होत नाही. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने तो शब्द दिला, २०१६ च्या कायद्याने २१ प्रकारांत त्याला जागा दिली. मधल्या काळात, २००९ मध्ये, सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेने ४० मुद्द्यांची भारतीय मापनश्रेणी तयार केली. जुन्या हैदराबाद राज्यातल्या या तालुक्याला निदानाचे माप पुन्हा त्याच दिशेने मिळाले, हा योगायोग म्हणावा. आता सुमारे ५० किलोमीटरवरील लातुरात 'उमंग'सारखे केंद्रही आहे.

तरीही आईबापांचा खरा प्रश्न निदानाच्या पलीकडचा आहे : आमच्या माघारी याचे कोण? १९९९ च्या कायद्याने त्याला निदान एक पत्ता दिला. मूल अठरा वर्षांचे झाल्यावर पालक नेमण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीला आहे.

'स्वमग्न' हा शब्द आता रुळला आहे. तो बदलावा असा आग्रह नाही. मात्र तो उच्चारताना त्यातला जुना आरोप गाळून टाकावा. त्या मापनश्रेणीतही मुलाच्या निरीक्षणाबरोबर आईबापांशी बोलावेच लागते. शंभर वर्षांत शास्त्र बरेच पुढे गेले, पण त्याची सुरुवात अजूनही कोणीतरी सांगितलेल्या आणि कोणीतरी नीट ऐकलेल्या हकिगतीनेच होते.