कलम ३०७ मधला 'परंतु'

कायद्याचे वाक्यही कवितेच्या ओळीइतकेच बारकाईने वाचावे, असे आम्हांस वाटते. अमेरिकेने १८९० मध्ये कैद्यांनी बनविलेल्या मालाची आयात रोखली. १९३० च्या जकात कायद्यातील कलम ३०७ ने ही बंदी सक्तीच्या श्रमाच्या इतर मालालाही लावली. पण त्याच कलमात एक 'परंतु' होता: देशातील उत्पादन देशाची मागणी पुरवीत नसेल, तर सक्तीच्या श्रमाच्या मालास ही बंदी नाही. कोकोसारख्या पिकाला मग बंदीची झळ लागणार कशी? वेठीस धरलेल्या मजुरापेक्षा ग्राहकाची गरज वडील ठरली. तो 'परंतु' गळाला २०१६ मध्ये. उइघुरांसंबंधीच्या २०२१ च्या कायद्याने, जून २०२२ पासून, शिनजियांगच्या मालाबाबत पुराव्याचा भारही आयातदारावर टाकला. कापूस कोणाच्या हातांनी, कसा वेचला, हे आता त्याने सिद्ध करावयाचे आहे.