शब्दवेध : पॉडकास्ट

बोर्डी-तलासरीकडे उन्हाळ्यात भाताचा राब भाजतात आणि मृगाच्या तोंडावर त्या काळ्या जमिनीवर मुठीमुठीनं बी फेकतात. इंग्रजी ‘ब्रॉडकास्ट’चा मूळ अर्थ हाच : बी हातानं विखरून पेरणं. विसाव्या शतकात रेडिओनं हा शेतातला शब्द उचलला.

‘पॉडकास्ट’मधला ‘कास्ट’ तिथला. ‘पॉड’ आला २००१ साली बाजारात आलेल्या अ‍ॅपलच्या आयपॉडमधून. फेब्रुवारी २००४मध्ये ‘द गार्डियन’मधल्या लेखात पत्रकार बेन हॅमर्सली यांनी इंटरनेटवरून ऐकायच्या ध्वनिकार्यक्रमांच्या या नव्या प्रकारासाठी दोन-तीन नावं सुचवली, त्यांतलं हे टिकलं. आयपॉडचं उत्पादन २०२२मध्ये थांबलं, शब्द मात्र पसरतच गेला. २०१६मध्ये ‘भाडिपा’ या मराठी वाहिनीनं यूट्यूबवर अमेय वाघ आणि निपुण धर्माधिकारी यांच्या गप्पा आणल्या, तेव्हा त्यांना शो म्हणत. आज कॅमेऱ्यासमोर माइक ठेवून दोघं बोलले की लोक सर्रास पॉडकास्टच म्हणतात.

मला या शब्दातली मोकळीक मोलाची वाटते. आपल्याकडे खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, सामुदायिक रेडिओलाही परवाना लागतो. पॉडकास्टला एक फोन पुरतो. म्हणून डहाणू-तलासरीतल्या वारली बोलीला या माध्यमाचा फायदा सगळ्यांत आधी व्हायला हवा. चिकूच्या वाडीत काम करणाऱ्या आजीची गोष्ट तिच्याच वारलीत, तिच्याच हेलात ध्वनिमुद्रित व्हावी. प्रमाण मराठीत घासूनपुसून नको.